शेपूट पुढं आलेला तारा

॥ श्री ॥
सौंसर, ता. २२ एप्रिल १९५७

होणाऱ्या विहीणबाई, अन् रामाकोन्याच्या शाळेतली माही जुनी पाटीचोर सौ. प्रेमलता, तुले देवकाचा स. न. वि. वि.

तुमच्या घरून निरोप आला. व्याही यशवंतराव म्हणतात, आभाळात शेपटीचा तारा निघाला, शेपूट बरोबर सौंसरवर, म्हणून अखजीचं, अक्षय्यतृतीयेचं लग्न पुढं ढकला. अलका कालपासून जेवली नाई. मांडवाचे बांबू दारात पडले हायेत. आता परत पाठवले तं पोरीले जन्मभर ऐकावं लागन, हिचा मांडव मोडला. निरोप्या जाता जाता हेही बोलला, की मायही तशी अन् ताराही तसा. मी विधवा म्हणून शेपूट माह्या घराचा पत्ता पुसत येते काय वं?

काल दिवस बुडल्यावर संत्र्याच्या बगीच्यात जाऊन पाह्यलं. बाप्पा, काय दिसते तो! जशी उलटी धरलेली झाडणी. पण इथून शेपूट आणखी पुढं, सिवनीकडे जाते. मग सिवनीवाल्यांनी कोनाचं लग्न ढकलावं? गेल्या साली नागपूर तिकडं मुंबईत गेलं अन् आपण इकडं भोपाळच्या पदरात राह्यलो, तवा तं आभाळ साफ होतं!

तू सोता गच्चीवर चढून पाहा अन् लिहजो. ऐकीव नोको.

माया आटू देऊ नोको.
तुही देवका


॥ श्री ॥
पांढुर्णा, ता. २४ एप्रिल

गं. भा. देवकाबाईस प्रेमलताचा सा. न. वि. वि.

यांच्यासंगं वर चढली. शेपूट तुह्या सौंसरच्याच बाजूले हाये, खोटं काय लिहू? हे म्हणाले, पाहा, मी म्हणतच होतो. आपला नवरदेव श्रीकांत नागपूरच्या कॉलेजातून आला हाये. तो म्हणे, बाबा, ती निव्वळ धूळ अन् वाफ, सूर्य तिले दूर लोटते. हे म्हणाले, धूळ असो की राख, मंगलकार्याच्या डोक्यावर नोको. पोरगं ताट सारून उठलं. मी कोनाकडून बोलू, सांग.

एक लिहते, हासू नोको. मी आता रोज वर जाणार हाये. काल ताऱ्यापायी पापड तसेच बाहेर राह्यले अन् सकाळी माकडांनी नेले.

अलकाले जेवू घाल. लोभ हाये तो राहू दे.
तुही प्रेमलता


॥ श्री ॥
सौंसर, ता. २६ एप्रिल

सौ. पापडवाल्या विहीणबाईस देवकाचा नमस्कार वि. वि.

काल एक नवल झालं. ताऱ्याले दुसरं शेपूट फुटलं, अन् तेही पुढून! पातळ, सरळ, सुईवानी, खाली मावळतीकडं रोखलेलं. मले वाटलं डोये गेले. अलकाले हाक मारली. तिनं पाह्यलं अन् म्हणे, माय, हे तं पांढुर्ण्याकडं हाये! इतक्या दिवसांत पोरगी पहिल्यांदा हासली, अन् वरून दोन भाकरी खाल्ल्या.

आता व्याह्यांले माहा निरोप सांगजो. तुमच्या घरावर शेपूट रोखलं हाये, अशा घरी मी माही एकुलती पोरगी कशी देऊ? विचार करून कळवते म्हणावं.

मस्करी राहू दे. पण शेपूट नाकाच्या पुढं येते कसं वं? रात्रभर हेच डोक्यात घोळलं. श्रीकांतले पुसजो.

ओढ असू दे.
तुही देवका


॥ श्री ॥
पांढुर्णा, ता. २८ एप्रिल

देवका, आज नावाआधी गं. भा. लिहत नाई, नुसती विहीणबाई लिहते. वि. वि.

तुही सुई आम्हीबी त्याच दिवशी पाह्यली. हे गच्चीवर मट्टकन खालीच बसले. तुह्या चिठ्ठीतला निरोप वाचून दाखवला तं यांचा चेहरा उतरला. श्रीकांत म्हणे, बाबा, आता सौंसरवाल्यांनी नाई म्हटलं तं? तवा हे म्हणाले, दोन्ही घरांवर सारखंच हाये तं ढकलून काय फायदा? लग्न अखजीलेच.

श्रीकांतनं तुह्या पुसण्याचं उत्तर दिलं. बैलबंडी गेली की धूळ तिच्या मागं वाटेवर राह्यते. बाजूनं पाह्यलं तं पसरलेली, पण वाटेच्या सरळ रेघेत उभं राह्यलं तं नुसती कांडी. आपली पृथ्वी तशी ताऱ्याच्या वाटेच्या रेघेत आली होती, म्हणून मागची धूळ आपल्याले पुढं दिसली म्हणे. ती सुई आता दिसत नाई. हे रोज वर जाऊन मलेच पुसतात, गेली कुठं वं ती?

अन् ऐक. तू म्हणे लग्नात भावजयीले पुढं करून सोता कोठीत बसणार. माहे पाय तूच धुवायचे, माही ओटी तूच भरायची. यांले सांगून झालं. शेपूट पुढं येते, अन् माय काहून मागं राहीन?

माही वाट पाहजो.
प्रेमलता


सौंसर, ता. ३० एप्रिल

विहीणबाई, बांबू उभे झाले. चिठ्ठी अलकानं वाचून दाखवली. माय काहून मागं राहीन, ही ओळ तिनं दोनदा वाचली, मले एकदाबी धड ऐकू आली नाई.

पाय धुवीन. तू पाटी चोरली होती ना, त्याचा बदला म्हणून पानी थंडगार घेईन. व्याह्यांले सांगजो, वरात दिवस बुडता बुडता आना. बगीच्यातून तारा चांगला दिसते.

देवका