सिलिंडरातून नुसती हवा

मालवण, गुरुवार

प्रिय धनेश,

फोन केला की तू "आये, कामात आसंय" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते. उजवा हात भाजलाय, अक्षर वाकडं येईल. शेजारची संचिता लिहून देते म्हणाली, तिला हाकलली. हे दुसऱ्याला सांगण्यासारखं नाही.

सोमवारी दुपारी आमच्या हॉस्पिटलात आग लागली. मी वरच्या वॉर्डात फरशी पुसत होते. तिथे कृष्णाबाई म्हणून म्हातारी, नाकाला ऑक्सिजन. तिचा नातू गुरुदास गावच्या देवाचा अंगारा घेऊन आला आणि खाटेशी कापूर पेटवून गाऱ्हाणं घालायला लागला. मी ओरडले, "मेल्या, विझय तो!" तर म्हणतो, "मावशे, देवाचां काम आसा, दोन मिन्टां रव." कसली दोन मिनिटं! पडदा पेटला, मग गादी. रश्मी सिस्टरने ऑक्सिजन बंद केला. मी भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला, पिन ओढली, दाबला. नुसती हवा आली. दुसरा आणला, तोही तसाच. शेवटी बादलीतलं घाण पाणी ओतलं, ओली चादर हाताने दाबून धरली. तोवर म्हातारीचे पाय गुडघ्यापर्यंत भाजले. कोल्हापूरला नेलीय. जगेल का, कुणी सांगत नाही.

गुरुदासला पोलिसांनी नेला. चूक त्याची आहेच, गाढव मेलो. पण सिलिंडर चालला असता तर पडद्यावर भागलं असतं.

शिमग्यात तू कंपनीकडून सिलिंडर तपासायला आलास, तेव्हा मी पोराला मिरवत वॉर्डावॉर्डात सांगत फिरले, "हो माझो झील." त्याच दिवशी पालखी आपल्या दारात यायची होती. तू दोन-तीनच बघितलेस, तोच मी मागे लागले, आटप रे, घरात पुरुषमाणूस नाही, पालखी कोण घेईल? मग तू जिन्यावर बसून तपासणीच्या बावीस कार्डांवर सह्या केल्यास. एकेक कार्ड मीच सिलिंडरांना बांधलं. वाटलं, तुला कळतं, आपण कशाला बोला.

डॉक्टरांना म्हटलं, बाकीचे वीस भरून घ्या. ते म्हणतात, कार्डं लागलीत, तारीख आहे, तुला काय कळतं? आजही त्या रिकाम्या सिलिंडरांच्या भरवशावर माणसं झोपलीत.

आता खरं लिहिते. बाकीचे म्हातारीला उचलत होते तेव्हा त्या दोन सिलिंडरांची कार्डं मी तोडली आणि कमरेला खोवली. ती कण्हत होती आणि मी तुझी सही लपवत होते. येत्या बुधवारी चौकशीवाले येणार. त्याआधी ये, पहिले ते वीस भर, मग स्वतःच्या तोंडाने सांग. घाई मी केली हे मी सांगेन. नाही आलास तरी सांगेन, पोटच्या पोराचं नाव घेऊन सांगेन. मला शिव्या दे, परत तोंड बघू नकोस. पण ये रे झिला. ती कार्डं माझ्या एकटीच्या हाताने त्यांना द्यायला लावू नकोस.

तुझीच,
आई