श्रीपादच्या पेटीचं ‘भों’

१२ जुलै

केमोचा दुसरा कोर्स संपवून घरी येऊन चार दिवस. आज आमच्या मराठी मंडळातली पाचजणं बघायला आली. व्हरांड्यात लांब लांब खुर्च्या, तोंडाला मास्क. फुलं चालत नाहीत असं सांगूनही सुलभानं (नणंदबाई!) मल्लिगेचा, मोगऱ्याचा गजरा आणलाच. ह्यांनी तो फाटकाबाहेर स्कूटरच्या हँडलला अडकवला. दुपारभर वास येत होता. बरं वाटलं, सांगितलं नाही.

सगळे फार हसले. गुंडूमावशीचं सोंग केलं नाही, काही नाही. मी नुसतं “पाणी कोमट द्या हो” म्हटलं, त्यावरही हसले. तीस वर्षं नकला करतेय, हसणं पोटातून येतंय की घशातून एवढं कळतं. आजचं घशातलं.

गणपतीच्या कार्यक्रमाचं निघालं. “गुंडूमावशी पाहिजेच!” एका सुरात. पेटीवाला श्रीपाद तेवढा गप्प.

१५ जुलै

टोप्या आल्या. केस गेल्यावर देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या टेलरकडं मऊ कापडाच्या टोप्या शिवायला दिल्या होत्या. मी गर्दीत जायचं नाही, म्हणून माप घेऊन हे गेले. टेलरनं जन्मभर माझी पोलकी शिवलीत. सवयीनं टोपीलाही मागं हुक लावलेत, चार. आणि ह्यांना विचारलं म्हणे, “आत कापड सोडू का सर? पुढं अम्मांचं डोकं वाढलं तर?”

हे गंभीरपणे “सोडा” म्हणून आले.

मी इतकी हसले की ठसका लागला. हे घाबरून पाणी घेऊन धावले. लगेच वही काढली. गुंडूमावशी आरशापुढं, हात मागं नेऊन डोक्याचे हुक लावतेय, लागत नाहीत, नवऱ्याला हाक मारतेय. आजारावरचं पहिलं चांगलं काही सुचलं.

पण चांगलं आहे की मलाच वाटतंय?

१८ जुलै

रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी (पां.पे.) सुधारल्या, प्लेटलेट्स बऱ्या. डॉक्टरीणबाईंना हुकांची गोष्ट सांगितली. हसल्या. मग “नमस्कार, येते” म्हटलं, तेव्हाही तेवढ्याच हसल्या.

नोंद.

२२ जुलै

परीक्षा घेतली. सुलभा आणि दोघीजणी आल्या होत्या, श्रीपाद फोनवर, स्पीकर लावून. तोंड अगदी सरळ ठेवून मी म्हटलं, “गुंडूमावशीला विचारलं, इडली गोल का असते? म्हणाली, चौकोनी नसते म्हणून.”

याहून पडेल विनोद मला करता येणार नाही. सुलभा डोळे पुसत म्हणाली, “अय्यो वहिनी, साकु, पुरे! पोट दुखतंय!”

आणि श्रीपादचा फोन गप्प.

तालमीची आमची रीत अशी की विनोद पडला की श्रीपाद पेटीचा भाता भरून सगळ्यात खालची पट्टी दाबतो. भों! कुणाचीही भीड नाही. तालमीला आलेल्या मंडळाच्या अध्यक्षांच्या भाषणालाही एकदा भों झालंय. त्या आवाजाला घाबरत घाबरतच मी शिकले. कितीदा घरी येऊन रडले, वाक्य बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

आजार कळल्यापासून एकदाही भों नाही. आज पेटी त्याच्या मांडीवरच होती. फोनवर आधी सूर लावत होता, ऐकलं मी.

२३ जुलै

सकाळपासून शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा आठवतायत. मी सातवीत, वर्गात त्यांच्या चालण्याची नक्कल करत होते आणि त्या दारात. ऑफिसात नेलं, दार लावलं, म्हणाल्या, “आता माझ्यासमोर कर.” रडत रडत केली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “गुडघा चुकला. माझा डावा दुखतो, उजवा नाही,” एवढंच. मी वळले तेव्हा काचेच्या कपाटात दिसलं, त्यांचे खांदे हलत होते.

तेव्हापासून मी तोंडं बघत नाही, खांदे बघते. मास्कच्या दिवसांत उपयोगी पडतंय. इथं कुणाचे खांदे हलत नाहीत. आवाज तेवढे येतात.

२६ जुलै

कळलं.

सुलभाबरोबर चिंचा सोलत होते (ती सोलत होती, मी लांबून सूचना). बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं, “दादानंच सांगितलंय ना सगळ्यांना…” आणि जीभ चावली. मी सोडते होय! ह्यांनी एकेकाला फोन केलाय. ती काही बोलली तर हसा, तिचं मन मोडू नका.

संध्याकाळी ह्यांना धरलं.

“तुम्ही माझ्या हशाची वर्गणी गोळा केलीत?”

“मग काय सांगू लोकांना? जाऊन रडा तिच्यापुढं?”

“काहीच सांगायचं नाही!”

“इंदू, तू रात्री वाक्यं पुटपुटतेस. कुणी हसलं नाही तर तुझं काय होईल ते मला बघवणार नाही.”

तरी विचारलं, “श्रीपादला काय सांगितलंत?”

“त्याला नाही केला फोन. देवाशपथ. त्याला सांगून उपयोग आहे का?”

म्हणजे तो आपल्याच मनानं गप्प आहे. हे त्याहून वाईट. सांगितल्यावरून हसणारे परवडले. ज्यानं कधी भीड धरली नाही त्यालाही माझी कीव येत असेल तर गुंडूमावशीचं लुगडं ट्रंकेत गेलेलं बरं. गणपतीत उभी राहणार नाही. दयेच्या टाळ्या घ्यायला नाही.

हे खरं बोलतायत का, हेही आहेच.

३१ जुलै, वॉर्ड

तिसरा कोर्स. तोंड आलंय, सगळ्याला लोखंडाची चव. शेजारच्या कॉटवर सरगूरची रत्नम्मा, तिलाही ल्युकेमियाच. हिला कुणी फोन केलेला नाही! म्हणून टोपीची गोष्ट कन्नडमधून सांगितली, हातवाऱ्यांसकट. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि काळजीनं विचारलं, “मग हुक टोचत नाहीत का हो अक्का, उशीवर?”

हसली नाही. तिला वाटलं, दुखणं सांगतेय.

१ ऑगस्ट, वॉर्ड

रत्नम्मा म्हणाली, तशी एक टोपी तिलाही हवी. “पण हुक पुढं लावायला सांगा. माझं मला लावता येतील.”

हे माझ्या वाक्यांपेक्षा चांगलं आहे. तिला विचारून वहीत घेतलं. “काय, हे लिहितात?” म्हणाली आणि मग हसली. खांद्यांनी.

१३ ऑगस्ट

घरी. पां.पे. तळाला, कुणाला भेटायचं नाही. खोलीच्या दारातून हे पेज सरकवतात आणि माझा चेहरा वाचत उभे राहतात.

सगळी गोष्ट लिहून झाली. टेलर, हुक, रत्नम्माची टोपी. मधला दवाखान्याच्या लिफ्टचा तुकडा लांबलाय असा संशय आहे. कुणाला विचारू? छान म्हणतील.

इथंच लिहून ठेवते, कुणाला सांगायला नको. श्रीपादनं एकदा, एकदाच भों केलं तर मी गणपतीत उभी राहीन.

२९ ऑगस्ट

पां.पे. वर आल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, कार्यक्रमाला अर्धा तास, मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं, कुणी जवळ यायचं नाही. मी काही ठरवलं नाही म्हटलं. तरी चामराजपुरमच्या आमच्या ह्या व्हरांड्यात तालीम ठेवली. सगळे आले. श्रीपाद फाटकापाशी, मांडीवर पेटी.

हुक झाले, हसले. टेलर झाला, हसले. लिफ्ट सुरू झाली. आठव्या की नवव्या वाक्याला –

भों!

एवढा लांब की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. सुलभा ओरडली, “श्रीपादअण्णा, लाज आहे का!” तो म्हणाला, “लिफ्ट फार हळू चालते वहिनी. मी जिन्यानं वर जाऊन आलो.”

मी खुर्चीत बसले आणि रडले. लोकांना वाटलं, दुखावले. किती महिन्यांनी कुणी मला धडधाकट माणसासारखं वागवलं! लिफ्ट तिथंच कापली. मग रत्नम्माची टोपी केली, तेव्हा श्रीपाद मान खाली घालून होता आणि खांदे…

ठरलं. उभी राहणार.

३० ऑगस्ट

आज ही वही उघडली. पानात मी कडुनिंबाची काडी खूण म्हणून ठेवते. काल ती शेवटच्या पानात होती. आज १३ ऑगस्टच्या, भोंची अट लिहिलेल्या पानात आहे.

वहीखाली ह्यांच्या चष्म्याची डबी. ते पान आज पहिल्यांदाच उघडलं असेल का?

२ सप्टेंबर

श्रीपादला फोन केला. सरळ विचारलं, “तुला भों करायला कुणी सांगितलं?”

“अय्यो वहिनी, वाक्य वाईट होतं.”

“इडलीचं चांगलं होतं?”

“तेव्हा खालची पट्टी अडकली होती. पावसाळ्यात फुगते ना, अल्लवा?”

“सगळा पावसाळा?”

“आता बरी आहे पेटी,” म्हणाला. मग हळूच, “तुम्हीपण बऱ्या व्हा, मत्ते, मग बघू.”

पट्टी फुगते हे खरं आहे. लिफ्ट लांबली होती हेही खरं आहे. ह्यांनी त्याला फोन केला असेल हेही खरं असू शकतं. तिन्ही एकत्र खरं असेल का?

ह्यांना विचारलं नाही. दुपारी ते खोबऱ्याच्या वड्यांची चौकशी करत स्वयंपाकघरात उगीच घोटाळत होते. मला खाता येत नाहीत, त्यांना करता येत नाहीत.

६ सप्टेंबर

उद्या कार्यक्रम. परवा पुन्हा हाडातला मगज तपासायचा आहे, त्याचं परवा.

लुगड्याला इस्त्री ह्यांनीच केली. नऊ वार म्हणजे काय ते आज कळलं म्हणाले. टोपीचे हुक उसवून पुढं लावले, मला लांबूनही दिसतील अशा टाक्यांनी. लग्नात धोतराचा सोगाही धड धरता येत नव्हता ह्या माणसाला.

श्रीपादला निरोप दिला, उद्या पेटी घेऊन पहिल्या रांगेत बस. कार्यक्रमात भों करायची रीत नाही, पण उद्या करायचं. पूर्वी कधी केलं नाही ते करू.

अहो, हे वाचत असाल तर चष्म्याची डबी वहीखालीच आहे. सकाळपासून शोधताय.

आणि उद्यासाठी एक नवं, अगदी पडेल वाक्य मुद्दाम घातलंय. कुठं, ते इथं लिहीत नाही.