सकाळी रस, रात्री गोळी

३ नोव्हेंबर

रस बंद करा म्हणे! नवी डॉक्टरीणबाई. मान वर न करताच— "कोलेस्टेरॉलची ही गोळी आणि ग्रेपफ्रूट एकत्र चालत नाही." माझ्या झाडाचा कडसर रस! लिंबाच्या खुंटावर मी स्वतः बांधलेलं कलम. कुठल्या कॉलेजात गेलो नाही, बोटं कापून घेत शिकलो. नर्सरीत लोक रोपं घ्यायला येतात आणि आधी ते झाड बघतात.

एकत्र चालत नाही ना? ठीक. वेगवेगळं चालेल.

४ नोव्हेंबर

उपाय सापडला, तोही धंद्यातलाच. गंधक आणि तेल लागोपाठ फवारलं की पान करपतं. मध्ये अंतर ठेवलं की काही होत नाही. तर सकाळी रस, रात्री गोळी. संपला विषय!

बायको म्हणाली, "अहो, पोट म्हणजे फवारणीचा पंप आहे का?" हिला काय समजावणार.

दादाकडे जाऊन आलो. त्याला गोळी तीच, फक्त जास्त ताकदीची. त्यालाही अंतराचं गणित समजावलं. "तू म्हणतोस तर तसं," म्हणाला. शहाणा माणूस! उद्यापासून त्यालाही रोज बाटली.

९ नोव्हेंबर

दादा माझ्यासमोर उभ्या उभ्या एका दमात बाटली संपवतो. असं गिऱ्हाईक पाहिजे. "कसा आहे?" विचारलं. "तुझं झाड ते!" म्हणाला आणि पाठीवर थाप मारली.

१८ नोव्हेंबर

खताची पोती एकट्यानं उतरवली. दम नाही, दुखणं नाही. डॉक्टरीणबाईंनी बघायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर

दादाच्या मांड्या भरून येतात म्हणे. येणारच! दिवसभर शिलाई मशीनसमोर बसायचं, हलायचं नाव नाही. चालायला जा म्हणून दम दिला. बाटलीही मोठी केली. ताकद येईल.

बायको— "एकदा डॉक्टरांना विचारा तरी." कशाला विचारू? मी काय आजारी आहे? पुरावा समोर उभा आहे, सहा फुटांचा!

२ डिसेंबर

दादा स्टुलावरून उठेना. वहिनींचा फोन आला, धावत गेलो. लघवी कोऱ्या चहासारखी. मी आणि वहिनींनी धरून रिक्षात बसवला. तरी मला म्हणतो, "दुकानाचं कुलूप बघ रे."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, रोज काय काय घेतात? वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मीच सांगितलं. "पण अंतर ठेवलं होतं!" हेही सांगितलं. जरा मोठ्यानंच.

ते म्हणाले, अंतरानं काही होत नाही. हा रस आतड्यातली गोळी मोडणारी यंत्रणाच बंद पाडतो, आणि ती दिवसभरात पुन्हा चालू होतेच असं नाही. गोळी मोडत नाही, रक्तात वाढत जाते, स्नायू विरघळायला लागतात. त्याचा भार मूत्रपिंडांवर. "मला कसं काही झालं नाही?" "तुमची गोळी कमी ताकदीची. आणि प्रत्येकाचं शरीर वेगळं."

पान करपलं की मला लांबून दिसतं. हे दिसलं नाही.

३ डिसेंबर

सलाईन चालू. रस ओतून दिला. झाडाकडे गेलो नाही.

७ डिसेंबर

मूत्रपिंडं सावरताहेत. पुढे दुसरी गोळी देणार, तिला रस चालतो म्हणे. मी विचारलं असतं तर ती तेव्हाच मिळाली असती!

बाहेर बाकावर वहिनींना म्हटलं, "मग बरा झाला की बाटली पुन्हा आणीन. त्याला आवडतो."

"नका आणू, भाऊजी. कडू त्यांना मुळीच जात नाही. तुम्ही फाटकाबाहेर पडलात की साखरेचा डबा शोधायचे."