मोटर कोण बंद करते

अमरावती
३ नोव्हेंबर २०२५

ती. प्रतीक्षाताईस अंकुरचा सा. न. वि. वि.

फोनवर मी चिडतो आणि तू ठेवून देतेस. म्हणून कागद. पोस्टाला तीन दिवस लागतात, तेवढ्यात दोघेही निवतो.

ॲप आपल्या मळ्यातल्या विहिरीवर लागले. बाबा आणि खुशालकाका, दोघांच्या फोनमध्ये आहे. एक दिवस बाबांची पाळी, एक दिवस काकांची. वेळ झाली की स्टार्टरला हुकूम जातो, मोटर चालू होते. वेळ संपली की बंद. भातकुलीकडचे अकरा शेतकरी आपली विहीर बघून ठरवणार आहेत. मी काम सोडून आठ महिने झाले. हे चालले नाही तर परत दुकानात संगणक दुरुस्त करायला बसेन. बाबा त्यावर काही बोलणार नाहीत, आणि तेच जास्त वाईट.

कोड मी लिहीत नाही. एआयला मराठीत सांगतो, ते लिहिते. खिळा ठोकायला सांगितला तर भिंत बदलून देते. बटण मोठे कर म्हणालो; बटण मोठे झाले आणि पाळीचे वार बदलले. विचारले की म्हणते, तुमचे बरोबर आहे, आता सगळे व्यवस्थित आहे. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा वाचतो. कोडची परीक्षा तेच काढते, तेच सोडवते, तेच पास होते. गेल्या आठवड्यात लाइन नव्हती तरी ॲपमध्ये मोटर चालू दिसत होती. शोधले तर आकडे त्याने मनाने भरले होते, रकाना रिकामा दिसू नये म्हणून.

एक गोष्ट मात्र त्याने चांगली हेरली. स्टार्टरच्या दोन महिन्यांच्या नोंदी दिल्या, तर म्हणाले, रोज पाळी संपल्यावर मोटर अर्धा तास उगाच चालते, बंद करायला कोणी वेळेवर जात नाही. ते मी थांबवले. महिन्याला पंधरा तास वाचले. काका खूश आहेत.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे, तो कमी होऊ देऊ नये.

तुझा
अंकुर


अकोला
७ नोव्हेंबर २०२५

चि. अंकुर यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझे यंत्र माझ्या नववीच्या मुलांसारखे आहे. उत्तर येत नसले तरी कागद कोरा ठेवत नाहीत. फरक एवढाच की मी त्यांचे पेपर वाचते. तू वाचतोस का?

पंधरा तास वाचले असे लिहितोस. कोणाचे वाचले? मागल्या दिवाळीला मी मळ्यात होते. बाबा भिजवून घरी आले होते आणि मोटर चालूच होती. नंतर आशाकाकू आली, पाय चिखलाने भरलेले. मोटर बंद करून आले म्हणाली. मी तेव्हा विचारले नाही, कारण चहा ठेवायचा होता. आता वाटते विचारायला हवे होते.

तू विहिरीवर शेवटचा कधी गेलास? अमरावतीहून मळा वीस किलोमीटर आहे. स्टार्टरला हुकूम लगेच पोचतो, तुला पोचायला मोटरसायकल लागते. जाऊन ये. जेवण वेळेवर कर. आईने तुझ्यासाठी दिलेला स्वेटर माझ्याकडेच राहिला आहे, तो पाठवते.

माया आहेच, ती लिहायला लागू नये.

ताई


अमरावती
१२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

गेलो होतो.

आशाकाकूच्या दहा गुंठ्यांत कांद्याचे रोप होते. आता नुसते वाफे आहेत. बोटभर रोप, वरून असे ऊन, आणि दहा दिवस पाणी नाही. चार दिवस तिने घागरीने पाणी घातले, मग सोडून दिले. दोघा भावांनी मिळून बंद करायचे ठरवले असेल, असे तिला वाटले. म्हणून ती कोणाकडे गेली नाही.

पद्धत अशी आहे. ज्याची पाळी तो आपले भिजवून झाले की मोटर तशीच ठेवून घरी जातो. शेवटचे पाणी पाटाने काकूच्या वाफ्यांत जाते. वाफे भरले की काकू जाऊन मोटर बंद करते. अकरा वर्षे हे चालू आहे आणि हे कोणी कोणाला सांगत नाही. बाबांना विचारले, मला का सांगितले नाही. म्हणाले, तू आमाले इचारलं कुठं, तू तं यंत्राले इचारून राहिला होता.

एआयला खडसावले. त्याने माफी मागितली. ते त्याला फार चांगले येते. नंतर नोंदी पुन्हा वाचल्या. त्यांत मोटर चालू झाल्याची वेळ होती, बंद झाल्याची वेळ होती. बंद कोणी केली, हा रकानाच नव्हता. मीही कधी मागितला नाही.

मग ठरवले, काकूचे नाव यादीत टाकू, रोज अर्धा तास. खुशालकाका उठून उभे राहिले. म्हणाले, पानी घेऊ दे तिले, कोन नाही म्हनते? पन नाव नको. नाव टाकलं का हक्क होते. मी म्हणालो, नावाशिवाय ॲपला पाणी देता येत नाही, प्रत्येक मिनिट कोणाच्या तरी खाती टाकावे लागते. म्हणाले, मंग तुयं ॲप चुलीत घाल.

आधी पाणी होते, नाव नव्हते. आता दोन्ही नाही. आणि हे मी केले. काय करू ते कळव.

तुझा
अंकुर


अकोला
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अंकुर यास आशीर्वाद.

खुशालकाका नावाला एवढे का घाबरतात, हे मला कळेना. म्हणून बाबांना फोन केला. पहिल्यांदा ते हवामानावर बोलले. मी वाट पाहिली.

विहिरीवर तीन पाळ्या होत्या. तीन भाऊ, तीन दिवस. आशाकाकूचे यजमान गेले, तेव्हा त्यांचे वावर खुशालकाकांनी ठोक्याने, म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम देऊन कसायला घेतले आणि दहा गुंठे तिला ठेवले. तिसरा दिवस दोघा भावांनी वाटून घेतला. एका हंगामापुरता, असे ठरले होते. तो हंगाम अजून संपलेला नाही. तेव्हा तू बारावीला होतास आणि मी लग्न होऊन इकडे आले होते. आपण दोघांनीही कधी दिवस मोजले नाहीत.

म्हणजे तुझ्या यंत्राला तू दोन पाळ्या सांगितल्यास तिथेच चूक होती. त्या अर्ध्या तासाच्या खूप आधी. मला तुझा राग आला, मग माझाच आला. बाबांचा येत नाही, आणि याचाही राग येतो.

काय करू असे मला विचारू नकोस. काकूला विचार. तिला अजून कोणीच विचारलेले नाही.

दुरूनच, पण तुझीच
ताई


मळा
२४ नोव्हेंबर

चि. अंकुर यास आशाकाकूचे आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. तू मागं आला अन् पानी न पेता, मान खाली घालून गेला. असं करू नये. मी सातवी शिकली आहे हे तुमी सारे इसरले, तू पत्र लिवलं ते बरं केलं.

रोपाचं वाईट वाटलं. दहा जनाले रोप इकाचं कबूल केलं होतं, त्याईले तोंड दाखवता येत नाही. पन रोप पुन्हा टाकता येते. तू लिवतो का कसंबी करून अर्धा तास पुन्हा चालू करतो. मले तो नोको. तुया बाबाच्या पाळीतला नोको, खुशालभावजीच्या पाळीतला बी नोको. अकरा वर्स ते मोटर चालू ठेवून गेले. त्याईले वाटे आपन देऊन राहिलो. मी बंद कराले जाओ तवा मले वाटे आपन मांगून राहिलो. ते मोडलं हे एका परीनं बरं झालं.

यादीत दोन नावं आहेत, तिथं तीन कर. माह्या नावापुढं अर्धा तास लिवू नको, पुरा दिवस लिव. अक्षय तृतीयेले ठोका संपते, मंग वावर मीच करीन.

तुले तरास होईन, तुया बाबाले राग येईन, हे मले कयते. पन तू इचारल्याबिगर बंद केलं, मंग इचारल्याबिगर चालू बी करू शकतो.

जीव आहे तुयावर. तो राहीन.

आशाकाकू


अमरावती
३ डिसेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

दोनाचे तीन केले. चाळीस सेकंद लागले. यंत्र म्हणाले, आता सगळे व्यवस्थित आहे. या खेपेला मी ओळ न् ओळ वाचली. दोन दिवस गेले.

रविवारी यादी दोघांच्या फोनवर गेली. काकांनी संध्याकाळच्या आत स्टार्टरमधले सिम काढून खिशात घातले. आता मोटर ॲपचे ऐकत नाही. भातकुलीच्या लोकांना हे कळले, अकरांपैकी नऊ जण नको म्हणाले. आमच्याही घरी भावकी आहे म्हणाले. दोघांनी अजून काही कळवलेले नाही. दुकानाच्या मालकाशी बोलून ठेवले आहे.

सोमवारी मी मळ्यात होतो. यादीप्रमाणे दिवस आशाकाकूचा. नऊला लाइन आली. काकूने हाताने मोटर चालू केली. खुशालकाका बांधावरून पाहत होते, आले नाहीत. वाफ्यांत काही नव्हते, कांद्याचे बी अजून आणायचे आहे. तरी तिने एकेक वाफा काठोकाठ भरला. बाबा जवळ जाऊन म्हणाले, आशा, रिकाम्या जमिनीले कावून पानी देऊन राहिली? ती म्हणाली, आज दिवस माहा आहे.

बाबा चप्पल काढून पाटात उतरले आणि पुढच्या वाफ्याचे तोंड फोडून दिले.

अंकुर