तुतीपाशी बंद पडणारा ट्रॅक्टर

प्रिय धाकटीच्या आई,

नाही, डिझेल संपलेलं नव्हतं. टाकी निम्म्याच्या वर भरलेली होती, मी स्वतः काडी घालून बघितली होती, तेव्हा ते डोक्यातून काढून टाक. तू विचारलं नाहीस हे मला ठाऊक आहे. पण पत्र उघडलंस की पहिलं तेच तुझ्या तोंडी येणार, आणि शेजारी तुझी लेक बसलेली असली तर तीही हसणार, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. आणि पत्र कशाला, फोन आहे की, असंही म्हणू नकोस. फोनवर तू जेवलात का विचारतेस, मी हो म्हणतो, लगेच धाकटी फोन ओढून घेते आणि पुढचं सगळं तीच बोलते. परवा तुम्ही बाळाचं हसणं ऐकवलंत. मी वा वा म्हटलं. ट्रॅक्टरची गोष्ट अशी घाईत सांगायची नसते. माझी शाळा किती झाली ते तू जाणतेस, अक्षर वाकडं येईल, चुका निघतील. त्या मोजत बसू नकोस.

आमचं काय ठरलं ते धाकटीनं तुला सांगितलंच असेल. ती म्हणाली, बाबा, आई इथे, ट्रॅक्टर बंद, तुम्ही तिथे एकटे भिंतींना काय शिकवताय? मला राग आला. मी म्हटलं, पेरणीच्या आत ट्रॅक्टर सरळ चालला नाही तर घराला कुलूप लावतो आणि येतो तुमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला. बोलून बसलो. तुझी लेक कसली, तिनं त्याच आठवड्यात माझ्यासाठी खोली रिकामी केली, आणि इकडे एक भंगारवालाही धाडून दिला. तो ट्रॅक्टरभोवती फिरला, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, काका, वजनावर घेतो. वजनावर! मी त्याला पाणी पाजलं आणि फाटक दाखवलं. पण शब्द तर दिला होता. म्हणजे आता ट्रॅक्टर चालवायचा, नाहीतर कुंड्या.

दुखणं असं होतं. सकाळी अंगणात चालू केला की एका हाकेत चालू. धूर बरोबर, दम बरोबर. कालव्याकडच्या तुकड्यात नांगर लावला की पहिल्या फेऱ्या एकदम झकास. मग कधीतरी, तुतीच्या झाडाच्या आसपास आला, की धाप लागल्यासारखा करायचा. वेग वाढवावा तर अजून मरगळायचा. दोन आचके द्यायचा आणि झोपायचा. किल्ली फिरवा, नुसतं फिरणार, पेटणार नाही. शिव्या द्या, काही नाही. मी झाडाखाली बसायचो. बराच वेळ गेला की आपोआप चालू. परत थोडं चालायचा, परत झोपायचा. रोज. आणि बहुतेक त्या तुतीपाशीच, आडमुठा लेकाचा, जणू तिथे त्याचं कुणी येणार होतं.

आधी मी म्हटलं, फिल्टर. नवा घातला. मग खालची काचेची वाटी काढली, तळाशी गाळ होता, थोडं पाणीही होतं, धुऊन पुसून लावली. तरी तेच. मग म्हटलं कुठून तरी वारा ओढतोय. सगळे पाइप हातानं चाचपले, जोड आवळले, तांब्याचे वायसर बदलले, पंपाजवळचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाईपर्यंत एअर काढली. हात डिझेलनं इतके माखले की दोन दिवस चहालाही तोच वास. तरी तेच. शेवटी फिटरला बोलावलं, तोच आपला, बोलायच्या आधी तीनदा खाकरणारा. त्यानं अंगणात चालू केला, टाकीत डोकावला, खाकरला आणि म्हणाला, याला काय झालंय? माझ्यापेक्षा बरा आहे. मी म्हटलं, तुतीपर्यंत चल. तो म्हणाला, मला दुसरी कामं आहेत, काका, फार तर पंप काढून शहरात पाठवू, महिना लागेल. महिन्यात पेरणी होऊन जाते. त्यालाही चहा दिला आणि फाटक दाखवलं. सध्या मी सगळ्यांना फाटकच दाखवतो.

तू असतीस तर हे सगळं लागलं नसतं. हे लाडानं लिहीत नाही, कामाचं सांगतोय. आपली रीतच तशी होती. ऐकायचं तू आणि हात घालायचा मी. तू पीठ भरल्या हातानं बाहेर यायचीस, बॉनेटवर मनगट टेकवायचीस, मान थोडी कलती, डोळे मिटलेले, आणि मी पाना घेऊन उभा, पोरगा परीक्षेच्या निकालाला उभा असतो तसा. मग म्हणायचीस, वारा घेतोय. किंवा, तिसरं नोझल थुंकतंय. किंवा, काही झालेलं नाही, तुम्ही उगाच त्याच्या मागे लागू नका. आणि तेच निघायचं. एकदा त्या फिटरनं तुला विचारलं होतं, काकू, हे कुठे शिकलात, तर तू म्हणालीस, घरात दोन बिघडलेले आवाज सांभाळते, एक त्याचा आणि एक यांचा. तो अजूनही ते सांगून हसतो. माझ्यासमोर.

आता तुतीखालचं सांगतो. हे वाचून तू म्हणशील म्हातारा चळला. चळलो नाही. पण रोज तिथे बसायला लागायचं, दुसरं काही करायला नाही, मला तर रिकामं बसणं म्हणजे शिक्षा. पहिल्या दिवशी नुसता चरफडलो. मग पुढे पुढे काय व्हायचं, इंजिन बंद पडलं की उन्हाचंही इंजिन बंद पडल्यासारखं व्हायचं. कालव्याचं पाणी वाहतंय की थांबलंय ते कळायचं नाही. तुतीची सावली नांगरलेल्या ओळींवर वाकडी होऊन पडायची आणि ती बघता बघता डोळा लागायचा. आणि तू यायचीस. कालव्याच्या काठानं, डबा हातात, डब्याच्या झाकणावर ऊन चमकतंय. लांबून नुसतं ते चमकणंच दिसायचं, पुढे पुढे येणारं, आणि त्याच्यामागे तू. कधी तरुण असायचीस, कधी आत्ताची. एकदा तर धाकटी झाल्यानंतरची होतीस, दमलेली, केस न विंचरलेले. इंजिन बंद असूनही मला झोपेत ते चालू असल्याचं ऐकू यायचं, अगदी स्वच्छ, पूर्वीसारखं, प्रत्येक ठोका वेगळा. डोळे उघडले की कोणी नाही. किल्ली फिरवली की ट्रॅक्टर चालू. मग मी मनात म्हणायचो, चल बाबा, भेट झाली तुझी.

खरं सांगू का, मधे चार दिवस मी दुरुस्ती सोडूनच दिली होती. बंद पडला की बरं वाटायचं. धाकटीला सांगू नकोस.

मग गेल्या आठवड्यात तू आलीस ती डबा न घेता आलीस. त्या जुन्या खोलीत होतीस, खिडकीला हिरवा पडदा होता ती. मांडीवर धाकटी, तोंडात बाटली. आठवतं तुला, ती आधाशासारखी ओढायची, ओढायची, मग बाटलीचं रबर चपटं होऊन आत जायचं, दूध येणं बंद, आणि ही लाल होऊन रडायची? मी घाबरायचो, म्हणायचो दूध घट्ट झालंय, भोक बुजलंय, नवी बाटली आणू. तू बाटलीच्या रबराभोवतीची कडी जराशी सैल करायचीस. आत बुडबुडे जायचे, रबर फुगायचं आणि पोर गप. तेच दिसलं मला. तुझी दोन बोटं, ती कडी, ते बुडबुडे वर वर जाताना. फार वेळ वर जात होते. आणि तू माझ्याकडे बघत होतीस, मला एवढं साधं कसं कळत नाही असं.

उठलो तो थेट टाकीच्या झाकणापाशी.

झाकणावर काय होतं ते तुला माहीत आहे. तूच बांधलंस. ज्या सकाळी निघालीस, गाडीवाला हॉर्न वाजवत होता, धाकटीचे दिवस भरत आलेले, आणि तू फाटकातून परत फिरून शेडमध्ये गेलीस. मला वाटलं काही विसरलीस. नंतर बघितलं तर टाकीच्या झाकणावर प्लॅस्टिक, त्यावर आपल्या उशीच्या जुन्या अभ्र्याची पट्टी गच्च गुंडाळलेली, निळ्या फुलांची. शेडचा पत्रा गळतो, झाकणाचं रबर गेलंय, डिझेलमध्ये पाणी जातं म्हणून मी आख्खा पावसाळा कुरकुरलो होतो. तू ते ऐकून ठेवलंस आणि जाताना बंदोबस्त करून गेलीस. पाणी जायचं थांबलं, ते खरं. पण त्या झाकणाला वर एक बारीक छिद्र असतं. डिझेल जेवढं खाली जाईल तेवढी हवा त्यातून आत यायला हवी. तेच बंद झालं. टाकी आतल्या आत ओढून धरायची, डिझेल यायचं थांबायचं, आणि ट्रॅक्टर तुतीपाशी धाकटीसारखा लाल व्हायचा. मी बसलो की हवा कुठून तरी हळूहळू शिरायची, मग परत चालू. अंगणात कधीच दिसलं नाही, कारण अंगणात मी डिझेल भरायला झाकण उघडलेलं असायचं.

आता तू म्हणशील, रोज उघडत होतात तर रोज परत कोण बांधत होतं? मी. रोज सकाळी तुझी गाठ सोडायची, डिझेल घालायचं, आणि परत तशीच पट्टी, तशीच गाठ, तुझ्याहून आवळून. ते काढून फेकायचं सुचलंच नाही. कोणाला सुचलं असतं तर मी फेकू दिलं नसतं. बाकी एक एक पाइप उलगडून बघितला, पण तुझ्या गाठीवर संशय घ्यायचं डोक्यातच आलं नाही.

झाकण सैल केलं. टाकीनं मोठा श्वास घेतला. त्यानंतर दिवसभर नांगर चालला, तुतीपाशी थांबला नाही, सरळ पुढे. कालव्याकडचा तुकडा झाला, वरचाही झाला. अभ्रा फेकलेला नाही. छिद्राच्या जागी प्लॅस्टिकला आणि पट्टीला दाभणानं भोक पाडून परत बांधलं. पाणी अडतं आणि हवाही जाते. धाकटीला सांग, खोलीत परत सामान ठेव म्हणावं. भंगारवाल्यालाही कळव.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी नाही. टाकीनं श्वास घेतला असं वर लिहिलंय ना, तो मला ऐकू आला नाही. तळहाताला लागला. उजवा कान इंजिननं कधीच नेला, ते तुला माहीत आहे. या थंडीत डावाही निघाला. समोरच्याचं ओठांवरून कळतं, फोनवर धाकटी ओरडून बोलते तेवढंच पोचतं. फोनवर बाळ हसलं ते मला ऐकू आलं नाही, तू जेवलात का विचारतेस हेही अंदाजानंच, तू दुसरं काही विचारणार नाहीस म्हणून हो म्हणतो. हे धाकटीला सांगितलं नाही, सांगितलं तर ती उद्या येऊन मला पिशवीत घालून नेईल. ट्रॅक्टर चालतोय. स्टिअरिंग हाताला ठोके देतं, धूर डोळ्यांना दिसतो. पण आवाज बरोबर आहे का ते मला कळत नाही. बॉनेटवर मनगट टेकवून बघितलं, तुझ्यासारखी मान कलती करून. मला नाही जमत ते. तू जाताना फाटकात म्हणाली होतीस, मी आपण होऊन यायची नाही, बोलवा म्हणजे येईन. तेव्हा मी फाटकाची कडी बघत उभा राहिलो. बाळ आता बसायला लागलंय म्हणे. तिथलं तुला जमेल तसं बघ, घाई नाही. पेरणी मी एकटा करतो.

ये.

तुझाच,
पान्यासकट उभा

ता. क. नाही. पुढे काही विचारू नकोस, मी सांगणार नाही.