कचरागाडीतला गजू

पांढुर्णा, इतवार

ती. सुधाआत्या,

सौसरच्या घरातल्या सगळ्यांना, अन् तुझ्या त्या खाष्ट बकरीलेही, गजूचा जयभीम. गुडघे कसे आहेत? अन् डोळे? (डोळ्यांचं मुद्दाम विचारून राहिलो. सुईत दोरा अजून पहिल्याच झटक्यात ओवते, असं आई सांगत होती.) पत्र पाहून घाबरू नको. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकते अन् अर्धी गल्ली "कोण, गजू काय?" म्हणत ऐकाले बसते.

सध्या मी भल्ला प्रसिद्ध झालो वो आत्या. मी ग्राइम गातो हे तुले माहीतच आहे (रॅपचाच इंग्लंडातला चुलतभाऊ, फक्त त्याले घाई जास्त). सहा वर्षं झाले, आपल्या वस्तीवर, बाबांच्या कंपनीतल्या पाळीवर, पुण्यात सात जणांच्या खोलीत काढलेल्या दिवसांवर गाणे लिहून राहिलो. एकेका ओळीपायी रक्त आटवलं. लाखभर लोकांनी मोबाइलवर अंगठे दाखवले, पण गजू बरा आहे का, हे विचारणारा त्यात एकही नाई. अन् आपल्या गावात मले ओळखतात ते कशानं? कचरागाडीनं! नगरपालिकेतलं कोणीतरी म्हणालं, गाडीच्या भोंग्यासाठी दोन ओळी म्हणून दे. दहा मिनिटांत म्हटल्या. "उठा उठा, झोप झटका, कचरा आणा, आळस फेका." आता रोज सकाळी सात वाजता मी गल्लोगल्ली ओरडून राहतो. आई त शेजारणींना सांगते, आमच्या गजूशिवाय गाव साफ होत नाई.

आता गंमत ऐक. सारं गाव उठते, फक्त मी उठत नाई. पुण्याच्या कार्यक्रमात मधातच छाती धडधडाले लागली, हात गार पडले, माझेच शब्द मले आठवेनात. समोरचे पोट्टे माझं गाणं म्हणून राहिले होते अन् मी नुसता पाहून राहिलो होतो. तसाच घरी आलो. एकोणीस दिवस खोलीबाहेर निघालो नाई. (आंघोळीचं विचारू नको.) आई दाराशी ताट ठेवते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले दटावते, "हळू बोला वो, तो नवीन गाणं लिहून राहिला." तिच्या तोंडावर इतका अभिमान राहते का बाप्पा, खरं सांगाची हिंमतच होत नाई. गाणं कुठलं आलं! मी पंख्याचे पाते मोजून राहिलो. तीनच आहेत, तरी रोज मोजतो.

परवा गाडीचं मशीन नेमकं आपल्याच दारात अडकलं. "उठा उठा, उठा उठा, उठा उठा", चांगले दहा मिनिटं! कुत्रे भुंकाले लागले. गाडी चालवणारे नत्थूजी खालून ओरडले, "गजूभाऊ, या बाप्पा, तुमचा आवाज तुम्हीच आवरा!" शेवटी चादर गुंडाळून निघालो अन् मशीनले दोन चपला हाणल्या. तेव्हा कुठं थांबलं. सारी गल्ली डबे घेऊन पाहून राहिली होती. नत्थूजींनी फोटो नाई मागितला. जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, जेवून राहिले ना बरोबर?" बस, इतकंच. अन् आत्या, मी गाडीच्या पायरीवर बसून लहान लेकरावानी रडलो. मले ओल्या कचऱ्यात टाकावं का सुक्यात, एवढंच ठरवाचं बाकी होतं. (आईनं सगळ्यांना सांगितलं, गाणं फार दुःखी आहे म्हणून.) तेव्हापासून नत्थूजी आपल्या दारासमोर आवाज बारीक करतात.

बाकी इकडे सगळं ठीक आहे. काळजी करू नको.

तुझ्या बकरीच्या खालोखाल तुझा लाडका,
गजू
(लोकांचा एमसी संतरा)

ता. क. मिरचीचं लोणचं झालं असन त एक बरणी पाठवजो.

ता. क. दुसरा. लोणचं राहू दे. तुझ्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे मले घेऊन जाशील का? सहावीत होतो तेव्हा तुझ्यासंगं नागपूरले याचो, डबा धरून बाहेर बसाचो. तिथं भिंतीवर अक्षरांचा तक्ता नव्हता, अन् कोणालेच चष्मा देत नव्हते. तू आत तासभर बोलाची. आतोबा गेल्यावर तू केससुद्धा विंचरत नव्हती, अन् पुढच्या चौदा एप्रिलले मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं नाचली. मले तेव्हाच समजलं होतं.

ता. क. तिसरा. पुढच्या मंगळवारी ये. आईले सध्या सांग, गजूचे डोळे दाखवाले नेते. खरं काय ते मागून आपण दोघं मिळून सांगू, मले एकट्याले जमणार नाई. त्या वेळी परतताना स्टेशनबाहेर तू मले संत्र्याचा रस पाजाची (आपल्याकडं झाडाखाली संत्र्यांचा सडा, अन् आपण नागपुरात विकत पिणार!) अन् म्हणाची, "घरी सांगू नको बरं." चौदा वर्षं झाले आत्या, नाई सांगितलं. या वेळी रस मी पाजतो.