बुडखा कुठं, शेंडा कुठं

आप्पा, तुम्ही जिंकलात! लई वर्षं लावलीत, पण आज दुपारी बेळगावात, माझ्याच शेडमध्ये, माझ्याच हातानं मी हरले, आणि इतका आनंद झालाय की हातसुद्धा न धुता घाईघाईनं लिहायला बसलेय. अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तरी लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर अर्धं कळेल आणि अर्ध्यावर हसतील.

आधी मी हल्ली काय करते ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी काय बडबडायलीय. तुम्ही होतात तेव्हा मी कारखान्यात लेथवर लोखंड कातत होते. पुढं तिथं कॉम्प्युटरवाली मशिनं आली, जुनं लेथ भंगारात निघालं, ते मी घरामागच्या शेडमध्ये आणून बसवलं. आता त्यावर लाकूड कातते. होय, लाकूड! हसा, पोटभर हसा. पूल नावाचा एक खेळ आहे. हिरव्या कापडाचं टेबल, कडेला सहा भोकं, रंगीत बॉल, आणि एका लांब काठीनं पांढऱ्या बॉलला ढोसून त्याच्याकरवी बाकीचे भोकात घालायचे. त्या काठीला क्यू म्हणतात. तुम्ही म्हणाला असता, एवढ्यासाठी एवढी काठी? पण निपाणीपासून बेळगावपर्यंत पोरंपोरी त्यासाठी वेडी झालीत. तयार क्यू दुकानात मिळतात. ज्याला आपल्या हाताजोगा पाहिजे तो माझ्याकडं येतो. खानापुरात तुमच्या दुकानात माणसं कुऱ्हाडीच्या दांड्याला यायची, तसंच. आणि मीसुद्धा पहिल्यांदा तेच म्हणते, "हात दाखव." पंजा बघते, बोटं मिटायला लावते, मनगटापासून कोपरापर्यंत दोरी धरते. समोरचा गोंधळतो. त्याला वाटतं, ही बाई आता भविष्य सांगणार.

क्यू दोन तुकड्यांचा असतो. मागचा जाड भाग मी शिसवीचा करते. पुढचा निमुळता भाग मेपल नावाच्या परदेशी लाकडाचा, पांढरट, सरळ रेघांचा, हात फिरवला तर गार लागणारा. मधे स्टीलच्या स्क्रूनं जोड, पुढच्या टोकाला नखाएवढी चामड्याची टिकली. तो पुढचा भाग एका दमात कातायचा नाही, आप्पा. एका वेळी केसभर काढायचं आणि शेडच्या आढ्याला टांगून ठेवायचं, काही आठवड्यांनी पुन्हा केसभर, पुन्हा टांगायचं. घाई केली की वाकतो. माझे पहिले चार वाकले, कारण घाई माझ्या रक्तात आहे, तुम्हाला माहीतच आहे. टांगलेल्या मेपलखाली उभी राहिले की मला खानापूरचं स्वयंपाकघर दिसतं. चुलीच्या धुरात तुमचे धावड्याच्या लाकडाचे दांडे लटकतायत, खाली आई भाकरी थापतेय आणि ओरडतेय, "भाकरीत भुस्सा पडायलाय! ह्या दांडक्यांस्नी दुसरी जागा न्हाय व्हय?" आणि तुम्ही पाटावरूनच सांगताय, "लाकूड निजलंय गं, उठवू नगंस." आई रागानं पीठ जास्तच जोरात थापते.

पण आज तुम्ही जिंकलात ते ह्यात नव्हे. तुमच्या दुसऱ्या हट्टात. झाडाची मुळाकडची बाजू म्हणजे बुडखा, आभाळाकडची म्हणजे शेंडा. लाकूड कातून, घासून दोन्हीकडं सारखं केलं तरी तुम्ही ते मधोमध बोटावर तोलायचात. जी बाजू खाली झुकली तो बुडखा. त्या टोकावर खिळ्यानं बारीक ठिपका मारायचात आणि दांडा बसवताना ठिपका कायम पात्याकडं. "जोर जितं, बुडखा तितं." मी तेव्हा आयटीआयला टर्नरच्या वर्गात, वर्गात एकटीच मुलगी, डोक्यात वारं भरलेलं. मी म्हणायची, "आप्पा, झाड मेलं, वाळलं, आता कसला शेंडा नि कसला बुडखा? लोखंडाला असतंय काय असलं?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "लोकंड कुटं उगवतंय गं?" आणि कानस चालवत राहायचात. मला जास्तच राग यायचा.

एका सुट्टीत तुम्ही धावडा बघायला गेला होतात, दुकानात मी एकटी. जांबोटीच्या पलीकडून एक म्हातारे शेतकरी कुऱ्हाड घेऊन आले, त्यांना दांडा मी बसवून दिला. महिन्याभरात बसच्या कंडक्टरकडून निरोप आला, दांडा पात्यापाशी चिरला, पातं निसटून त्यांच्या पिंढरीजवळून गेलं. तुम्ही नवा दांडा पोत्यात गुंडाळला आणि मला एवढंच म्हणालात, "चल." जांबोटीपर्यंत बस, पुढं तासभर चिखलातून चालणं. त्यांच्या पडवीत तुम्ही मोडका दांडा हातात घेतलात, उलटा केलात, मुठीच्या टोकावरून अंगठा फिरवलात. मी खांबाला टेकून उभी. तुम्ही म्हणालात, "माज्या हातनं उलटा बसला बगा. वय झालं." म्हातारे म्हणाले, "असूं द्या मिस्त्री, पाय हाय न्हवं जाग्यावर!" त्यांच्या बायकोनं आपल्याला ताक दिलं. परतताना बसची वाट बघत तुम्ही पहिल्यांदा बोललात, "चुकून झालं असलं तर माजं काय म्हणणं न्हाय. पन मानसाच्या हातात काय द्याचं, त्ये आदी आपल्या बोटाला कळाय पायजे." मी म्हणाले, "व्हय." तो विषय तुम्ही परत कधी काढला नाहीत. मी पास झाले आणि बेळगावला लोखंडात निघून गेले, आणि खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

आता आजचं ऐका! सदलग्याची एक मुलगी आहे, निपाणीत लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते आणि सुट्टीला पूल खेळते. पुढच्या महिन्यात राज्याची स्पर्धा. तिचा क्यू मी केलेला. पावसाळ्यात ती तो घेऊन आली, रडवेली. "मावशी, मधोमध मारला की सरळ जातोय. जरा बाजूला मारला की पांढरा बॉल रेघ सोडतोय. माझा हातच चुकतोय बहुतेक. नाव काढून घेते मी स्पर्धेतनं." मी स्क्रू तपासला, गोंद तपासला, चामडं तपासलं, काचेवर लोळवून बघितला. सगळं ठीक. चिडून त्याच फळीतला शेजारचा तुकडा खाली घेतला, अजून न कातलेला, आणि कसं कोण जाणे, बोटावर तोलला. फळीचा आकडा लिहिलेलं टोक खाली झुकलं. आप्पा, तिच्या क्यूत नेमकं त्याच बाजूचं टोक मी पुढं, चामड्याकडं काढलं होतं. उलटा! इतकी वर्षं मी बघितलंच नव्हतं, कुठला क्यू सुलटा गेला आणि कुठला उलटा, देव जाणे.

तो शेजारचा तुकडा चार महिने केसभर केसभर कातला, ह्या वेळी बुडखा स्क्रूकडं, शेंडा पुढं. आज ती आली. बंद पडलेल्या एका क्लबातलं जुनं टेबल मी शेडमध्ये ठेवलंय, त्यावर खेळायला लावलं तिला. तिला काही सांगितलं नाही. "भिंतीकडं तोंड कर," म्हटलं, आणि मागच्या एकाच भागाला कधी हा तुकडा, कधी तो, असं जोडून देत गेले. ती मारायची आणि म्हणायची, "ह्यो न्हवं." "हा!" "ह्यो न्हवं." दहा वेळा केलं. दहाही वेळा तिनं सुलटाच ओळखला! शेंडा हलका, म्हणून पुढचं टोक बॉलला बाजूला रेटत नाही, स्वतःच सरकतं आणि बॉल रेघेवर राहतो. माझ्यातली टर्नर म्हणतेय, दोन तुकड्यांत आणखी काही फरक असेल, एवढ्यानं काय सिद्ध होतंय. तिला म्हटलं, गप बस बाई, आज आप्पांचा दिवस आहे. ती पोरगी तर भुश्शानं माखलेल्या मला मिठीच मारून नाचायला लागली. "मावशी, माझा हात चुकत नव्हता! माझा हात चुकत नव्हता!" स्पर्धेतलं नाव तिनं तसंच ठेवलंय. नव्या तुकड्याच्या बुडख्याला, स्क्रू बसवण्याआधी, मी खिळ्यानं ठिपका मारला होता. तो आता कुणाला दिसायचा नाही.

मग तिनं विचारलं, पहिल्याचं काय झालं होतं? आणि माझ्या तोंडून निघालं, "माझ्या हातनं उलटा बसला गं. वय झालं." म्हणाले आणि टेबलाची कड धरून खालीच बसले. ती बिचारी पाणी आणायला पळाली, तिला वाटलं मला चक्कर आली.

हे पत्र कानशीच्या खणात जाणार, दुसरीकडं कुठं जाणार. म्हणून एवढं लिहूनच टाकते. तिच्या क्यूचं खरंच नकळत झालं. जांबोटीच्या दांड्याचं तसं नाही. त्या दिवशी मी तो बोटावर तोलला होता. बुडखा झुकला, मी त्यावर ठिपकासुद्धा मारला, आणि मग, बघू या काय होतंय ते, आप्पांचं खरं का माझं, म्हणून ठिपका मुठीकडं ठेवून पातं दुसऱ्या टोकाला बसवलं. माझा ठिपका तुमच्यापेक्षा खोल जायचा, तुम्ही त्यावरून चिडवायचात. पडवीत तुम्ही अंगठा फिरवलात तो त्याच ठिपक्यावर. आणि तरी म्हाताऱ्यांना म्हणालात, माज्या हातनं, आणि वाटेत मला म्हणालात, चुकून झालं असलं तर.

चुकून झालं नव्हतं, आप्पा.